परदेशातला जोडीदार, सांगलीतला घटस्फोट : ‘पॅकेज’मध्ये काय येतं, काय राहतं

सांगलीत विजयनगरला, न्यायालयाच्या आसपास बसणाऱ्या एका वकिली कार्यालयाच्या एकरकमी सेवेचं हे परीक्षण. ‘एक पार्टी परदेशात, परस्पर संमती, बाकी सगळं आमच्यावर’ असा त्यांचा मामला. कोर्टाची बाजू चोख, व्हिसाची कच्ची. पाचपैकी साडेतीन.

दाखल करण्याच्या कामात घोळ नाही. लग्न जिल्ह्यात लागलेलं असो, शेवटचा संसार इथे झालेला असो किंवा पत्नी इथे राहत असो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये बसेल ते कारण ते पहिल्या बैठकीत पक्कं करतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कलम १३-ब साठी वर्षभर वेगळं राहणं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबणं आलंच. पण अर्जाआधीच दीड वर्ष उलटलं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा मिटलेला असेल, तर अमरदीप सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने सहा महिन्यांची माफी मागता येते. तो अर्ज ते पहिल्या अर्जानंतर आठवड्याने टाकतात.

कुलमुखत्यारपत्राला पूर्ण गुण. ते ‘सर्वसाधारण’ नसतं. याच दाव्यापुरतं, अर्जावर सही, पडताळणी, पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन), तडजोडीच्या अटी असा एकेक अधिकार लिहिलेला मसुदा ते पाठवतात. परदेशातल्या पार्टीने तो भारतीय वकिलातीत सही करून घ्यायचा, नाहीतर तिथल्या नोटरीकडून करून वर अपॉस्टिल (दस्त खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का). परत येणारे कागद बहुतेक नावामुळे अडतात : पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरचं. दुसरी अडचण मुद्रांकाची. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हावा लागतो, म्हणून कुरिअरचं पाकीट तारखेसह दस्तालाच टाचून ठेवण्याची त्यांची सवय चांगली आहे.

मुखत्यार हजर असला तरी संमती खुद्द पार्टीच्या तोंडून ऐकायची असं बऱ्याच न्यायाधीशांचं म्हणणं असतं. मग व्हिडिओवर जबाब. इथले सकाळचे अकरा म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्रीचा दीड, हिवाळ्यात साडेबारा. बोर्डावरचा नंबर, म्हणजे त्या दिवशी आपलं प्रकरण कितवं, तो आदल्या संध्याकाळी कळवतात, तेवढीच झोपेची सोय.

आता कच्ची बाजू. ‘एका तारखेला बोलवून घ्या, काम लवकर होईल’ हा त्यांचा ठरलेला सल्ला. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परतण्याची आगाऊ परवानगी) न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. वैध एच-१बी (नोकरीचा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा) किंवा एल (कंपनीतल्या बदलीचा) व्हिसावर परतणाऱ्यांना तेवढी सूट आहे. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा अर्ज चालू असताना बाहेर पडलं की तो मागे घेतल्यात जमा. सांगलीतल्या एका तारखेपायी तिकडची सगळी प्रक्रिया जाते. व्हिडिओचा अर्ज पहिल्याच दिवशी दाखल करायला सांगा.

सहा महिन्यांची माफीही प्रत्येकाच्या फायद्याची नसते. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) झाला की एच-४ चा आधार गेला. नवऱ्याच्या नोकरीवरच्या ग्रीन कार्डात बायकोचं नाव असेल आणि मंजुरीआधी घटस्फोट झाला, तर तिचा अर्ज पडतो. जोडीदाराने ग्रीन कार्डासाठी टाकलेली आय-१३० ही नातेवाइकाची याचिका तर तिथेच संपते. एकाला घाई, दुसऱ्याचं नुकसान, आणि दोघांचं वकीलपत्र एकाच टेबलावर! ज्याचा व्हिसा दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याने आपला वकील वेगळाच करावा.

सगळ्यात महागात पडतं ते त्यांच्या तयार नमुन्यातलं वाक्य : ‘लग्नाच्या पहिल्या दिवसापासून उभयतांत बेबनाव असून ते कधीही पती-पत्नी म्हणून नांदले नाहीत.’ इथल्या कोर्टात ते वाचून कोणी मानही वर करत नाही. पण दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड असलेल्याला घटस्फोटानंतर कार्डाची अट काढण्याचा आय-७५१ अर्ज एकट्याने भरताना लग्न खरं होतं हेच सिद्ध करायचं असतं, आणि घटस्फोटाच्या अर्जाचं इंग्रजी भाषांतर त्या फायलीत गेलं की हेच वाक्य अंगाशी येतं. संसार झाला असेल तर किती महिने, कुठे, ते खरं लिहून घ्या. ‘एकमेकांकडे काही देणं-घेणं नाही’ या कलमाचंही तसंच. आय-८६४ वर (जोडीदाराच्या ग्रीन कार्डासाठी दिलेल्या आर्थिक हमीपत्रावर) सही केलेल्याची आर्थिक जबाबदारी केवळ घटस्फोटाने सुटत नाही.

समोरची पार्टी राजी नसेल तर हे पॅकेज घेऊच नका. मग समन्स हेग करारातल्या (परदेशात समन्स बजावण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) देशांना दिल्लीतल्या विधी मंत्रालयामार्फत जातं, भाषांतरासकट, आणि तारखांवर तारखा पडतात. तिकडून एकतर्फी हुकूमनामा आणून हातावर ठेवला तर नरसिंह राव खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल दाखवा. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला तसा निकाल इथे टिकत नाही.

हुकूमनाम्यानंतर कार्यालयाचं काम संपतं, तुमचं संपत नाही. सही-शिक्क्याच्या निदान तीन नकला, एकीवर राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, शिवाय भाषांतरकाराच्या दाखल्यासह पूर्ण इंग्रजी भाषांतर. हे फीमध्ये धरलंय का, ते आधीच लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता नकला हातात पडल्यावरच द्या.