ड्रॉच्या एन्ट्र्या सांभाळणारं ॲप - तीन महिने वापरून

नाव घेत नाही, पण लकी ड्रॉ आणि बक्षीस स्पर्धांची यादी एका जागी दाखवणारं एक ॲप तीन महिने वापरतोय. यादी चांगलीये, शेवटची तारीख जवळ आली की आठवण करून देतं आणि 'एका व्यक्तीला एकच एन्ट्री' असं असेल तिथे लाल खूण दिसते, हे बेस्ट, कारण डबल एन्ट्रीने बाद व्हायचा वैताग मी आधी भोगलाय.

पण त्याचं 'स्मार्ट वाटप' म्हणजे निव्वळ बंडल आहे राव. सगळ्या एन्ट्र्या सगळ्यात मोठ्या बक्षिसावर टाका म्हणतं, गर्दी किती ते बघतच नाही! समजा सारख्याच बक्षिसाचे दोन ड्रॉ आहेत, दोन्हीत इतरांच्या ९०-९० एन्ट्र्या आणि आपल्याकडे १०. सगळ्या एकातच टाकल्या तर १०० पैकी १० म्हणजे १० टक्के, पण ५-५ केल्या तर प्रत्येकात ९५ पैकी ५ आणि निदान एक तरी लागायचा चान्स साधारण १०.२५ टक्के. फरक चिमूटभर, पण फुकटचा, आणि नशीब असेल तर दोन्ही लागतात. उलट २० तिकिटांवरच बंद होणारा ड्रॉ असेल तर १० एकातच घेतली की सरळ ५० टक्के, अशाच दहा ड्रॉमध्ये एकेक घेतलं तर जेमतेम ४०. हे ॲपने सांगायला नको का?

फोटो, घोषवाक्य वगैरे परीक्षकवाल्या स्पर्धाही ते ड्रॉसारख्याच मोजतं, हे तर अगदीच येडपटपणाचं. यादीसाठी ठेवा, वाटप आपलं आपण करा. ५ पैकी ३ स्टार.