रत्नागिरीतील प्रकल्प व्यवस्थापन मार्गदर्शन : एक अभिप्राय

कोकण रेल्वेच्या उभारणीत काम केलेले एक निवृत्त अभियंते रत्नागिरीत प्रकल्प व्यवस्थापनाचे वैयक्तिक मार्गदर्शन करतात, आणि मला ते कोणत्याही प्रमाणपत्र-वर्गापेक्षा मोलाचे वाटले. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेसाठी लागणारे ३५ तासांचे प्रशिक्षण ऑनलाइनही पूर्ण होते. परंतु आपले वेळापत्रक नेमके कुठे कोलमडेल, हे दाखवणारा अनुभवी माणूस तिथे क्वचितच भेटतो. सरांनी माझ्या आंबा प्रक्रिया केंद्राच्या आराखड्यातील ‘क्रिटिकल पाथ’, म्हणजे ज्यांना उशीर झाला की सगळा प्रकल्पच लांबतो अशा कामांची साखळी, मलाच शोधायला लावली आणि पाया व छप्पर जूनच्या पावसाआधी उरकले नाही, तर पुढची सगळी कामे दिवाळीपर्यंत कशी लांबतात, हे तारखांनिशी पटवून दिले. आयते उत्तर ते कधीच देत नाहीत, ही पद्धत मला फार भावली. सॉफ्टवेअरचा भाग मात्र जुजबी आहे. शुल्क वाजवी आहे. जाताना स्वतःचा चालू प्रकल्प सोबत न्यावा.