जुन्या पिकअपला दणकट गिअर बॉक्स : मीटरवर २२ हजार किलोमीटर, खरे साडेएकोणीस हजार

मागच्या दिवाळीनंतर माझ्या २००४च्या डिझेल पिकअपचा गिअर बॉक्स बदलला. त्याच कंपनीच्या पुढच्या, जास्त वजन ओढणाऱ्या मॉडेलचा जुना बॉक्स आणून बसवला. त्याला आता आठ महिने झाले. बसवला त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो.

गाडीचं काम आधी सांगतो, कारण त्यावरच सगळं ठरतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी भरायच्या, आठवड्यातून दोनदा तुळजापूरवरून लातूर, एकदा विजयपूर. परतीला मिळेल तो माल. कांद्याच्या दिवसांत मार्केट यार्ड.

जुन्या बॉक्सचा तिसरा गिअर उडायचा. तोही चढाला नाही, उताराला. तुळजापूरचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला, इंजिनावर गाडी धरली, की खट्ट करून न्यूट्रल. मागे लोड आणि पुढे वळण. उतारावर चाकं इंजिनाला फिरवतात, गिअरच्या दातांवर उलटा जोर येतो, आणि गिअर धरून ठेवणारा स्लीव्ह झिजलेला असला की तेवढ्यात निसटतो. दीड वर्ष मी तो घाट डाव्या हातानं दांडा दाबून धरून उतरलो. दोनदा बॉक्स खोलून सिंक्रोचे कोन (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा), स्लीव्ह, बेअरिंगं बदलली. दोन्ही वेळा पाच-सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्यांदा मेस्त्री म्हणाले, "अण्णा, ह्याच्यात आता पैसे घालू नका. शाफ्टच बारीक हाय, तुमचा माल जड हाय."

भाच्याचा हट्ट होता की करायचंच तर ऑटोमॅटिक करा. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे जुन्या शेव्हरोले पिकअपमधला ७००आर४ हा ऑटोमॅटिक बॉक्स काढून त्याहून दणकट ४एल८०ई बसवतात. बघायला मजा आली. पण तो बॉक्स जड आणि लांब, वर गिअर बदलायला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो. त्यात क्लचच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर तापतो, त्याला वेगळा कूलर. सोलापुरात मे महिन्यात सावलीत ४३ डिग्री असतं, आणि रात्री अकरा वाजता मोहोळजवळ तो बंद पडला तर हात कोण लावणार? विषय तिथेच मिटला. आपला पाच गिअरचा हातानं टाकायचाच बरा.

खर्च: बॉक्स २२,०००, क्लचचा सेट ७,८००, प्रोपेलर शाफ्टचं (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) काम ४,५००, बॉक्स पेलणारा आडवा मेंबर नि वेल्डिंग २,२००, ऑइल-सील १,५००, मजुरी ६,०००. एकूण ४४,०००. गाडी नऊ दिवस उभी होती, तो धंदा वेगळाच बुडाला.

"बोल्ट टू बोल्ट बसतो" असं विकणारा म्हणाला होता. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं बॉक्सचं तोंड, बसलं, तेवढंच खरं. इनपुट शाफ्टचे दाते जुन्या क्लच प्लेटला जुळेनात, म्हणून प्लेट नव्या मॉडेलची घेतली. फ्लायव्हीलमधल्या बेअरिंगच्या जागी लेथवर गनमेटलचा बुश करून बसवावा लागला. बॉक्स दोन इंच लांब निघाला, म्हणजे मागची माउंटिंग सरकली आणि प्रोपेलर शाफ्ट कापावा लागला.

खरा त्रास त्या शाफ्टनं दिला. पहिल्याच फेरीत पन्नासच्या वर गाडी अशी थरथरायची की आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसायचा. टायर बॅलन्स केले, माउंटिंगचे रबर बदलले, सेंटर बेअरिंग बदललं. फरक शून्य. शेवटी मेस्त्रींनी गाडीखाली आडवं पडून शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकवर (क्रॉस जॉइंट धरणाऱ्या चिमट्यांवर) खडूनं रेघ मारली आणि मला बोलावलं. रेघा एका ओळीत नव्हत्या, बोटभर फिरलेल्या होत्या. कापून जोडताना लेथवाल्यानं योक तिरके वेल्ड केले होते. क्रॉस जॉइंट वाकड्या कोनात एकसारख्या वेगानं फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा पुढे-मागे होतो. दोन्ही योक एका रेषेत असतील तर एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो, नाहीतर थरथर. पुन्हा कापला, जोडला, बॅलन्स केला. थरथर गेली. तोवर टायर बॅलन्स, रबर आणि बेअरिंगचे पैसे गेले ते गेलेच.

आता फायदा. तिसरा एकदाही उडालेला नाही. घाट उतरताना दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात, याची सवय व्हायलाच महिना लागला. पहिला गिअर आधीपेक्षा छोटा आहे, त्यामुळे भरलेली गाडी यार्डातल्या चढावरून क्लच न जाळता उचलते. बॉक्सचा रडका आवाजही गेला.

मायलेजबद्दल मात्र मी स्वतःच फसलो होतो. डिझेल भरून हिशेब केला तर लिटरला साडेतेरा! आधी सव्वाअकरा मिळायचे. चार जणांना सांगूनही झालं. मग एकदा मोबाइलवर वेग बघितला, मीटर ६० दाखवतो तेव्हा खरे ५३. नव्या बॉक्समधली स्पीडोमीटरची गिअर वेगळ्या दात्यांची, त्यामुळे किलोमीटरही जास्त पडत होते. खरा हिशेब बाराच्या थोडा आतच येतो. वाढलाय, पण गाजावाजा करण्याइतका नाही.

ऑइलचं जरूर बघा. "ऐंशी-नव्वदचं टाक" एवढंच सगळे म्हणतात, डब्यावर ऑइलचा दर्जा जीएल-४ आहे की जीएल-५ हे कोणी वाचत नाही. माझ्यात आधी मागच्या ॲक्सलच्या क्राउनचंच जीएल-५ ओतलं होतं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतल्या थंड सकाळी दुसरा गिअर टाकायला कोपर लावावं लागायचं. सिंक्रोच्या रिंगा पितळी आहेत, जीएल-५मधलं गंधकाचं मिश्रण पितळेला मानवत नाही. जीएल-४ टाकल्यावर चार दिवसांत दांडा मऊ झाला.

रिव्हर्सची जागा बदलली, ही किरकोळ गोष्ट वाटली होती. जुन्यात डावीकडे वर, नव्यात उजवीकडे खाली पाचव्याच्या मागे. मेहुणे गाडी घेऊन गेले, गोडाऊनसमोर सवयीनं डावीकडे वर दांडा ढकलला, तर पहिला पडला आणि गाडी मागे जाण्याऐवजी पुढच्या भिंतीत. बंपर वाकला. त्याच संध्याकाळी बायकोच्या नेलपॉलिशनं दांड्याच्या गोळ्यावर सगळे गिअर काढून ठेवले. लाल रंग आहे, अंधारात दिसत नाही, पण मेहुणे आता आधी खाली बघतात.

एक कबुली. बॉक्स दणकट झाला म्हणून मार्चमध्ये दोन गाठी जास्त टाकल्या. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मेमध्ये मागून हुंऽऽ असा आवाज सुरू झाला. क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी. बॉक्स बदलला तरी मागचा ॲक्सल, ब्रेक, स्प्रिंगा २००४च्याच आहेत, आणि आरसीवरचं वजनही तेवढंच आहे. सध्या शिम (पातळ चकती) घालून आवाज कमी केलाय. गाठी पुन्हा मोजून भरतो.

इंजिनाला हात लावलेला नाही. ते बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरसीवरची नोंद हे वेगळंच प्रकरण.

जुना बॉक्स अजून अंगणात पोत्याखाली आहे. भंगारवाला साडेतीन हजार म्हणतो, मी चार म्हणतो. तेवढे आले की स्पीडोमीटरची गिअर घेणार.