टॉर्च पेटला, पण तापलाच नाही : सेकंड हॅन्ड सर्चलाइट घेणाऱ्यांनी वाचा

ज्यांना मोठ्या टॉर्चचं वेड आहे त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांच्या अर्धं डोक्यावरून जाईल, तरी वाचा. सध्या ५०-६० हजार ल्युमेनचे (ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश), हातात धरायचे सर्चलाइट "दोनदाच वापरलाय, अर्ध्या किमतीत देतोय" असं म्हणत विकायला फिरतायत. त्यातला एक माझ्याकडे आलाय, ३४ हजाराला. पेटतो, अगदी झगझगीत पेटतो आणि तरी खोटा आहे. पार्सलात विटा-साबण पाठवणारे आता जुने झाले, हे लोक चालू टॉर्च पाठवतात, आणि तिथेच सगळी मेख आहे.

आता एवढा मोठा टॉर्च लागतो कशाला हे विचारणारे विचारणारच. आमच्या जुन्नरकडे शेतीची थ्री फेज लाइट आलटून पालटून रात्रीची येते, उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं आणि बिबट्याचं तर काही सांगायलाच नको. पण खरं बोलायचं तर मोटर चालू करायला जाताना हजार-बाराशे ल्युमेनचा धड टॉर्च असला की भरपूर झालं. घरातला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० ल्युमेन देतो, म्हणजे ६० हजार ल्युमेन म्हणजे तसले ७५ बल्ब एका मुठीत, हे शेताला लागत नाही, हौसेला लागतं. पावसाळ्यात तर धुक्यात लावला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, चार पावलांवरचा बांध दिसत नाही. तरी पण हडसर किल्ल्याच्या कातळावर लांबून झोत मारला की जे वाटतं ते वाटतं, हौसेला मोल नसतं.

बरं, असे टॉर्च खरंच असतात, ही थाप नाही. इमालेंट कंपनीचा एमएस१८ एक लाख ल्युमेनचा आहे, १८ एलईडी, वजन जवळपास दोन किलो आणि आत थंड करायला पंखे. अमेरिकेतला मॅक्साबीम त्याच्या आधीचा, त्यात एलईडी नाही, ७५ वॅटचा झेनॉनचा दिवा आहे. असली वस्तू नवी मागवायची तर अर्ध्या लाखाच्या वर जाते, वर कस्टम ड्युटी, आणि लिथियमचे सेल असल्यामुळे बरेच कुरियरवाले हातच लावत नाहीत. म्हणून सगळे सेकंड हॅन्डच्या मागे, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

माझ्या विक्रेत्याने सगळं शिस्तीत केलं. फोटो स्वच्छ, बॉक्स, बिल, सिरीयल नंबर. रात्रीचा व्हिडिओ, टेकडी अशी उजळली की झाडं मोजता आली असती. व्हिडिओ कॉलवर टॉर्च हातात घेऊन मोड बदलून दाखवला, त्यावर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी पण ठेवली. मेहुणा दुबईला आहे, त्याने आणला म्हणे, चेक-इन बॅगेत टाकून. इथे टॉर्चवाल्याचे कान टवकारायला हवेत. असल्या टॉर्चची बॅटरी ११५ वॅट-अवरच्या (बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) आसपास जाते, १०० च्या वर गेली की विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि सुटा लिथियम पॅक चेक-इन बॅगेत चालतच नाही. ज्याने खरंच असा टॉर्च आणलाय त्याला विमानतळावर काय काय झालं ते तो न विचारता सांगतो.

मग पैशाचं. मी कुरियर आल्यावर देतो म्हणलं तर म्हणे, "दादा, मला पण चार जणांनी फसवलंय, तुमचा विश्वास नसेल तर अर्धेच टाका, टॉर्च पेटला की उरलेले द्या, नाही पेटला तर एक रुपया देऊ नका, आणि बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ मात्र नक्की काढा दादा, म्हणजे तुम्ही पण सेफ आणि मी पण सेफ." याच्यापेक्षा सरळ माणूस कुठे मिळणार. १६ हजार आधी गेले. पार्सलच्या पावतीवर वजन दोन किलोच्या वर, कंपनी जेवढं सांगते तेवढंच. बॉक्स उघडला, व्हिडिओ चालू, जड ॲल्युमिनियमची बॉडी, पुढे काचेमागे बारा एलईडी, बटण दाबलं आणि समोरच्या घराची भिंत दुधासारखी झाली. पोरं ओरडायला लागली. उरलेले १८ हजार पण गेले.

डोळ्याचं काय असतं, प्रकाश दहापट झाला तरी डोळ्याला तो दहापट वाटत नाही. दोन-तीन हजार ल्युमेन अंधारात जवळच्या भिंतीवर मारले की माणूस दिपतो, ते साठ हजार नाहीत हे सांगायला शेजारी खरा साठ हजारवाला लागतो आणि तो कुणाकडे असतो? म्हणून डोळ्यावर जाऊच नका, हात लावून बघा. एलईडी आजही एका वॅटला साधारण शंभर-सव्वाशे ल्युमेन देतो, म्हणजे ६० हजाराला पाचशे वॅटच्या आसपास वीज लागणार, आणि त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होऊन बॉडीत उतरणार. खरा टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त प्रकाशाच्या मोडवर, लावला की मिनिटभरात धरवत नाही, पंखा असला तर तो घोंघावतो आणि टॉर्च स्वतःच प्रकाश खाली आणतो, नाहीतर जळेल. माझा टर्बोवर लावून ठेवला, चहा पिऊन झाला, तरी बॉडी कोमट. पंख्याच्या जाळीला कान लावला तर आत चिडीचूप. जाळी नुसती शोभेची.

मग लक्समीटर घेतला, फोटोवाल्या मित्राचा, एखाद्या जागी उजेड किती पडतो ते तो लक्समध्ये सांगतो. हे गणित सोपं आहे, पाठ करून ठेवा. अंधारात टॉर्चपासून बरोबर १० मीटरवर मीटर धरायचा, जो लक्स येईल त्याला १०० ने गुणलं की कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, त्या कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केली की टॉर्चचा पल्ला मीटरमध्ये. कंपन्यांचा एफएल१ नावाचा स्टँडर्ड आहे तो असाच मोजतो, जिथे उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथे पल्ला संपला. माझ्या टॉर्चवर एक किलोमीटर लिहिलंय. त्याला १० मीटरवर २,५०० लक्स यायला पाहिजेत. आले १९० च्या आसपास, म्हणजे पावणेतीनशे मीटर. फोनच्या ॲपवर पण अंदाज येतो पण ॲप काहीही आकडे दाखवतात, भांडायचं असेल तर मीटरच आणा.

वेल्डिंगची काच लावून सगळ्यात कमी मोडवर एलईडी बघितले तर बारातले चारच पेटलेले. बाकीचे आठ फक्त बसवलेले, वायरच नाही.

आणि मग मागचं झाकण उघडलं. पॅकचं स्टिकर ब्लेडने कापलं, आत आठ सेल, प्रत्येकावर २१७०० हा साइजचा नंबर आणि ९,९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा, छापलेलं. इथेच सगळं संपतं खरं तर, कारण २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब सेलमध्ये पाच-सहा हजाराच्या वर काही जात नाही, आणि बारीक १८६५० असेल तर साडेतीन हजाराच्या आसपास हद्द झाली, ९,९०० लिहिलेला सेल दिसला की तो डोळे झाकून खोटा समजायचा. सोनार मित्राकडे नेऊन काट्यावर टाकले. खरा २१७०० साधारण ७० ग्रॅम भरतो. यातला एक पण पन्नाशीला पोचला नाही. वरचं वेष्टण सोललं तर प्लॅस्टिकची नळी, नळीत जुना १८६५०, लॅपटॉपमधून काढलेला असावा, टोकाला जुन्या वेल्डिंगचे ठिपके. त्यातले दोन तर मेलेलेच होते. आणि मग एवढं वजन आलं कुठून, तर पॅकच्या तळाशी सिमेंट. चक्क सिमेंटचा गोल गट्टू, वर फेविक्विक, वर काळी टेप. सोनाराने तो पण काट्यावर टाकला आणि म्हणाला, "हे शुद्ध आहे बघ."

असले सेल घरात चार्जिंगला लावून झोपू नका एवढं मात्र खरंच सांगतो. मेलेले आणि जिवंत सेल एकत्र बांधून चार्ज केले की काय होतं ते बातम्यांत ई-बाइकच्या आगीत बघितलंय सगळ्यांनी. मी पॅक सुटा करून घराबाहेर पत्र्याच्या डब्यात ठेवला, आणि पुरावा म्हणून अजून तिथेच आहे, भंगारवाल्याला दिला नाही.

विक्रेत्याला फोन केला तर पहिल्यांदा उचलला. आवाज तसाच गोड. "दादा, तुम्हीच तर व्हिडिओ पाठवलात, पेटला की टॉर्च, आता आतले सेल तुम्ही बदलले नसतील कशावरून?" मग नंबर बंद. म्हणजे तो व्हिडिओ मी माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी काढला होता. पोलीस स्टेशनला गेलो तर तिथल्या साहेबांनी पण तेच विचारलं, माल मिळाला ना? चालू आहे ना? मग हा दिवाणी मामला. त्यांचं पण पूर्ण चुकतंय असं नाही, पैसे घेऊन काहीच न पाठवणं सिद्ध करणं सोपं, खोटं पाठवणं सिद्ध करायला कुणीतरी ल्युमेन म्हणजे काय ते समजून घ्यायला बसलं पाहिजे. शेवटी सोनाराच्या काट्यावरचे फोटो, सिमेंट, जाहिरातीतला आकडा, चॅटमध्ये "ओरिजिनल आहे, गॅरंटी माझी" हे वाक्य, असं सगळं एका कागदावर लावून नेलं तेव्हा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे जुनं ४२०, खोटं सांगून माल गळ्यात मारला तर ते पण फसवणुकीतच येतं, हे आधी वाचून जा. वाद घालायला नाही, निदान आपण काय मागतोय ते आपल्याला माहीत असावं म्हणून.

त्याच्या आधी करायचं काम म्हणजे १९३० ला फोन. सायबर फसवणुकीची ती हेल्पलाइन आहे, पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळवलं तर रक्कम तिथेच गोठवता येते, उशीर झाला की चार खात्यांत फिरून एटीएममधून बाहेर. माझ्या केसमध्ये दुसऱ्या हप्त्यातले थोडे अडकलेत, मिळतील तेव्हा खरं. ऑनलाइन तक्रारीचा जो नंबर मिळतो तो जपून ठेवा, बँक तोच मागते. दुकानदाराकडून किंवा वेबसाइटवरून घेतला असता तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ पण होता.

आणि एक, हे तर मूळ फसवणुकीपेक्षा नीच आहे. मी टॉर्चवाल्यांत चौकशी सुरू केली तशी एकाचा मेसेज आला, मी पण याच्याकडूनच फसलो भाऊ, माझे पैसे एकाने काढून दिले, सायबरमध्ये ओळख आहे त्याची, फक्त तीन हजार फाइल चार्ज. पाठोपाठ दुसऱ्याचा फोन, मी कस्टममधून बोलतोय, तुम्ही दुबईचा टॉर्च ड्युटी न भरता घेतलाय, केस होईल, मिटवायचं तर या नंबरवर यूपीआय करा. दुबईची गोष्ट मी विक्रेत्याशिवाय कुणाशी बोललोच नव्हतो! कस्टमचं खरं पत्र असेल तर त्यावर डीआयएन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, तो त्यांच्या सरकारी साइटवर तपासता येतो, आणि ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर कधीच भरत नाहीत. मी डीआयएन विचारला तर फोन कट.

हाच टॉर्च, हेच फोटो, आता दुसऱ्या नावाने २९ हजाराला लागलेत, मेहुणा या वेळी सिंगापूरला आहे. व्हिडिओ ओळखायची खूण सांगतो, टेकडीच्या डाव्या बाजूला मोबाइल टॉवरचा लाल दिवा आहे आणि झोत पडल्या पडल्या मागे कुत्रं दोनदा भुंकतं. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला तर जाहिरातीचा आणि यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि विकणाऱ्याला एवढंच सांगा की दादा, व्हिडिओ कॉलवर मागचं झाकण उघडा, सेल एकेक करून किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, मग टर्बोवर दोन मिनिटं लावून हातात धरून दाखवा. मी नवीन नंबरवरून हे विचारलं तर उत्तर आलं, "सर हौशी लोकांना आम्ही देत नाही."