आठ महिने समुपदेशन घेतल्यावर

रिंग रोडवर ट्रकने आमच्या स्कूटीला मागून ठोकलं. धाकटा भाऊ गेला, मागे बसलेली मी वाचले. समुपदेशनाला जाऊन आठ महिने झाले, २१ बैठका. चार जणींनी विचारलं म्हणून लिहून राहिले.

आधी एका ठिकाणी तीनदा गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘रोज देवापुढे दिवा लावून बसत जा.’ चांगल्याच मनाने म्हणाल्या असतील. पण माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर आहेत, देवपूजा करणार नाही हे त्यांतच आहे. हे समजावण्यातच अर्धा तास जायचा, वर मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

आत्ताच्या मॅडम बौद्ध नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘ताई, तुमच्या घरी माणूस गेल्यावर काय म्हणतात?’ मी म्हटलं, ‘अनिच्चा वत सङ्खारा.’ आणि पुढे आवाजच फुटेना. भावाच्या वेळी मोक्षधामात भन्तेजींनी म्हटलेली तीच पाली गाथा, म्हणजे जे जे घडलं ते टिकत नाही. तेव्हापासून संध्याकाळी आई वंदना घ्यायला बसली की मी गच्चीवर पळायची. छातीत धडधड, नाकात डिझेलचा वास. आईला वाटायचं पोरीचं मन धम्मावरून उडालं. मॅडम म्हणाल्या, श्रद्धा कुठं गेली नाही, तुमचं शरीर त्या आवाजाला अपघात समजून राहिलं.

मग हळूहळू सुरुवात केली. आधी गाथेचा नुसता अर्थ मी त्यांना सांगायचा (‘मला पाली येत नाही, तुम्ही शिकवा’), मग मोबाइलवर बारीक आवाजात एकच ओळ, पाय फरशीला टेकवून, डोळे उघडे. घाबरल्याचा आकडा दहापैकी किती, हे दर वेळी वहीत लिहायचं. आठवर सुरू झालेला आकडा तीनवर यायला अडीच महिने लागले.

नातेवाईक म्हणत होते, दहा दिवस विपश्यनेला जा. मॅडमनी आत्ता नको म्हणून सांगितलं. डोळे मिटून श्वासावर बसलं की मला ट्रकच दिसायचा, आणि आघातानंतर असं बऱ्याच जणांना होतं म्हणे. त्याऐवजी चंक्रमण, म्हणजे चालत चालत पावलांवर लक्ष. इंदोऱ्यात विहाराच्या आवारात सकाळी वीस मिनिटं. हे मात्र मला पहिल्या आठवड्यापासून मानवलं.

खटकलेलं पण सांगते. एका बैठकीचे आठशे रुपये, शनिवारची वेळ मिळतच नाही, आणि दोनदा ऐन वेळी रद्द झालं तेव्हा ती अख्खी रात्र माझी वाईट गेली. पैशाची अडचण असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट. मराठीत बोलतात.

स्कूटीवर मागे अजून बसत नाही. यंदा विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेले, गर्दीत तासभर टिकले. घरी वंदनेला आता आईशेजारी बसते. गाथेचे तीन चरण म्हणते. चौथा, ‘तेसं वूपसमो सुखो’, म्हणजे ते सगळं शांत होणं हेच सुख, त्यातला सुखो तोंडातून निघत नाही. तो आई एकटीच म्हणते.