घासाघीस करावी की पोर्ट? मोबाइल आणि ब्रॉडबँडचा खर्च कमी करण्याच्या वाटांची तुलना

मोबाइलचे रिचार्ज संपत आले किंवा ब्रॉडबँडच्या नूतनीकरणाचा मेसेज आला की घरोघरी एकच प्रश्न निघतो: आहे त्याच कंपनीशी बोलून काही कमी करून घ्यावे, की सरळ दुसरीकडे जावे? दोन्ही सेवांना या प्रश्नाचे एकच उत्तर लागू पडत नाही. मोबाइलच्या, त्यातही प्रीपेडच्या, दरात फोनवरून घासाघीस करण्यासारखे भारतात फारसे काही नाही. तिथे ग्राहकाचा खरा जोर आहे तो आपला नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत निघून जाण्याच्या, म्हणजे पोर्ट करण्याच्या, हक्कात. ब्रॉडबँडमध्ये निघून जाणे त्रासाचे असते, पण बोलून पदरात पाडून घेण्याला भरपूर वाव असतो. अनेक जण नेमके उलटे करतात. मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरशी अर्धा तास वाद घालतात आणि ब्रॉडबँडवाल्याने सांगितलेला वर्षाचा आकडा मुकाट्याने भरून टाकतात.

मोबाइल: बोलून पाहणे आणि पोर्ट करणे

प्रीपेडचा दर कस्टमर केअरवरच्या माणसाच्या हातात नसतो. १९९९ च्या टेलिकॉम टॅरिफ ऑर्डरनुसार कंपनीला आपले दर दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, कळवावे लागतात आणि सारख्या स्थितीतल्या ग्राहकांमध्ये दरांच्या बाबतीत भेदभाव करता येत नाही. त्यामुळे ‘मी दहा वर्षांपासूनचा ग्राहक आहे’ हे वाक्य, कितीही खरे असले तरी, तिथे चालत नाही. समोरच्या माणसाला फार तर एखादे डेटा कूपन देता येते किंवा ॲपमध्ये आधीच दिसत असलेली सवलत तोंडी सांगता येते.

बोलण्याला थोडी धार येते ती पोर्टची विनंती गेल्यानंतर. १९०० या क्रमांकावर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर पाठवला की आठ अक्षरी यूपीसी, म्हणजे पोर्टसाठीचा कोड, येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो, आणि कोड मागवला म्हणजे कंपनी बदलली असे होत नाही. तो नव्या कंपनीकडे दिलाच नाही तर आपोआप रद्द होतो. कोड मागवल्यावर बऱ्याचदा जुन्या कंपनीकडून फोन येतो. ‘सर, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे की प्लॅनचा?’ असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे. नेटवर्क म्हटले की ‘तक्रार नोंदवून घेतो’ यावर संभाषण संपते. त्याऐवजी ‘तुमचा ८४ दिवसांचा प्लॅन मला महाग पडतो, दुसरीकडे तेवढाच डेटा इतक्या रुपयांत मिळतो’ असे आकड्यांनिशी सांगितले, तर काही मिळायचे असल्यास तिथे मिळते. मिळालेली सवलत पहिल्या रिचार्जपुरती आहे की दर वेळची, जादा डेटा रोजचा आहे की एकदाच, आणि मुदत किती दिवसांची, हे तिथल्या तिथे विचारावे आणि ‘हेच मेसेजवर पाठवा, मेसेज आला की ठरवतो’ असे सांगून फोन ठेवावा. मेसेज आला नाही तर ती सवलत नव्हतीच असे धरून पुढे जावे. असा फोन आपल्याकडे आला आणि समोरच्याने यूपीसी किंवा ओटीपी विचारला, तर मात्र बोलणे लगेच थांबवावे, कारण खऱ्या कंपनीला त्यातले काहीही विचारण्याची गरज नसते.

प्रत्यक्ष पोर्ट करण्याची किंमत पैशांत नगण्य आहे, पण तिला अटी आहेत. सध्याच्या कंपनीकडे नंबर येऊन ९० दिवस झालेले असावे लागतात, पोस्टपेडचे देणे थकलेले नसावे लागते, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यानंतर सात दिवस यूपीसी मिळत नाही. रिचार्ज संपले असेल किंवा चालू प्लॅनमध्ये एसएमएस नसतील तरी पोर्टचा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना दिला आहे, त्यामुळे ‘आधी मोठे रिचार्ज करा, मग पोर्ट होईल’ असे दुकानदाराने सांगितले तर ते मानू नये. डिसेंबर २०१९ पासूनच्या पद्धतीनुसार एकाच सर्कलमध्ये (दूरसंचार सेवेसाठी ठरवलेल्या विभागात) पोर्टिंग कामाच्या तीन दिवसांत आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच दिवसांत पूर्ण व्हावे लागते. इथे आपल्याकडची एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे: दूरसंचारच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो आणि मुंबई येत नाही. कोल्हापूरचा नंबर पणजीत पोर्ट करणे हे सर्कलमधले काम आहे, पुण्याचा नंबर मुंबईत पोर्ट करणे हे सर्कलबाहेरचे.

दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या तर थांबण्यात काहीच बुडत नाही आणि मिळतेही थोडेच. पोर्टमध्ये उरलेली मुदत, डेटा आणि बॅलन्स बुडतात, ओळखपत्रांची पडताळणी पुन्हा करावी लागते, सेवा काही तास बंद राहते आणि नव्या कंपनीत पुढचे ९० दिवस अडकावे लागते. म्हणून पोर्ट रिचार्जच्या अखेरच्या आठवड्यात करावा. दोन सिमचा फोन असेल तर आधी नव्या कंपनीचे वेगळे सिम घेऊन घरात, कार्यालयात आणि रोजच्या लोकलच्या किंवा एसटीच्या प्रवासात महिनाभर वापरून पाहावे. कव्हरेजचे नकाशे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आता उपलब्ध आहेत, पण तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात रेंज येते का, हे नकाशा सांगत नाही. सह्याद्रीच्या घाटाखालच्या कित्येक गावांत एकाच कंपनीची रेंज धड मिळते. तिथे ही सगळी चर्चा गैरलागू आहे, आणि ग्राहकाने प्लॅन नीट निवडण्यावरच भर द्यावा.

कोणाशीही न बोलता होणारी बचत

माझ्या मते बहुतेक प्रीपेड ग्राहकांसाठी पोर्ट आणि घासाघीस या दोन्हींपेक्षा ही तिसरी वाट अधिक फायद्याची आहे. २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन जिओकडे २९९ आणि एअरटेलकडे ३४९ रुपयांचा झाला, म्हणजे वर्षाला अनुक्रमे सुमारे ३,९०० आणि ४,५४० रुपये. तेवढ्याच डेटाचा ८४ दिवसांचा प्लॅन तेव्हा जिओकडे ७९९ आणि एअरटेलकडे ८५९ रुपयांना होता, म्हणजे वर्षाला अनुक्रमे सुमारे ३,४७० आणि ३,७३० रुपये. वार्षिक प्लॅन दोन्हींकडे ३,५९९ रुपयांचा होता आणि त्यात रोजचा डेटा दीड जीबीपेक्षा जास्त होता. दर पुन्हा बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील: किमतीला दिवसांनी भागावे आणि रोजचा आकडा समोर ठेवून तुलना करावी. ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र पाहता येतात.

लांब मुदतीचा आणखी एक फायदा किमतीत दिसत नाही. आगाऊ पैसे भरून घेतलेल्या प्लॅनचा दर त्याच्या मुदतीत वाढवता येत नाही. २०२४ च्या जुलैत दर वाढण्याआधी ज्यांनी वर्षाचे रिचार्ज करून ठेवले, त्यांना वाढ पुढच्या रिचार्जलाच लागली. याची दुसरी बाजू अशी की वर्षभर पैसे अडकले की पोर्टचा जोर संपतो, म्हणून कव्हरेजबद्दल खात्री नसलेल्याने ८४ दिवसांवरच थांबावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या साध्या फोनसाठी इंटरनेटचे पैसे भरत राहण्याची आता गरज नाही. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आणि त्यांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर गेली. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने असा ३६५ दिवसांचा प्लॅन १,८४९ रुपयांना आणला. त्याच कंपनीचा तेव्हाचा २८ दिवसांचा १९९ रुपयांचा प्लॅन तेरा वेळा घेतला तर २,५८७ रुपये झाले असते. हे प्लॅन ॲपच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत. ‘व्हॉइस ओन्ली’ किंवा ‘व्हॅल्यू’ अशा टॅबखाली ते शोधावे लागतात, किंवा दुकानात नाव घेऊन मागावे लागतात.

पोस्टपेडचा विचार करणाऱ्याने एवढेच पाहावे की प्रीपेडची छापील किंमत करासह असते आणि पोस्टपेडची नसते. ४४९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून जवळजवळ ५३० रुपयांना पडतो. तीन-चार नंबर एका बिलावर असतील तर फॅमिली प्लॅन परवडतो. एकट्यासाठी, परदेश प्रवास वारंवार नसेल तर, प्रीपेड पुरेसे आहे.

ब्रॉडबँड: मोठी कंपनी आणि इमारतीतला केबलवाला

ब्रॉडबँडला पोर्टेबिलिटी नाही. कंपनी बदलायची म्हणजे नवी वायर, नवे उपकरण, भिंतीला नवे भोक, आणि सोसायटी असेल तर सचिवांची परवानगी. दुसरीकडे, ग्राहक टिकवण्याची निकडही इथे जास्त असते, कारण वायर ओढण्याचा खर्च आधीच झालेला असतो आणि ग्राहक गेला की ती वायर नुसती लोंबकळत राहते. म्हणून इथे बोलावे, आणि मुदत संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी बोलावे. कनेक्शन बंद पडल्यावर आणि मुलांचा ऑनलाइन क्लास अडल्यावर केलेल्या बोलण्यात दम नसतो.

मोठ्या कंपनीचे मासिक भाडे छापील असते आणि त्यावर कर वेगळा: ४९९ म्हणजे ५८९. या भाड्यात सहसा बदल होत नाही, पण त्याच्या भोवतीच्या गोष्टींत होतो. बसवण्याचे शुल्क माफ होणे, राउटरची अनामत न घेणे, त्याच भाड्यात वरचा वेग काही महिने मिळणे, वर्षाचे एकरकमी भरल्यास एक महिना जादा मिळणे, अशा सवलती मागितल्यावर मिळण्याची शक्यता चांगली असते. बारा महिन्यांच्या पैशांत तेरा महिने म्हणजे साधारण पावणेआठ टक्क्यांची सूट. ती वाईट नाही, पण पहिल्याच वेळी, सेवा कशी आहे हे न पाहता, केवळ तेवढ्यासाठी वर्ष बांधून घेऊ नये.

स्थानिक केबलवाल्याकडे मात्र भाडेच बोलण्यावर ठरते. ‘दादा, समोरच्या विंगला कंपनीची फायबर आली आहे, तिथे शंभर एमबीपीएस करासह इतक्याला पडते, तुम्ही तीन महिन्यांचे काय घ्याल?’ असे थेट विचारावे. तो ‘ऑल इन’ आकडा सांगेल. त्या आकड्यात जीएसटीचे बिल मिळणार का, बिलावर कोणत्या इंटरनेट कंपनीचे नाव असेल, आणि ‘अनलिमिटेड’ म्हणजे किती जीबीनंतर वेग घटतो, ही तीन उत्तरे घेतल्याशिवाय आकडा स्वस्त की महाग हे ठरत नाही. बिलाविना शंभर रुपये वाचले तरी उद्या वाद झाल्यास हातात कागद नसतो. त्याच्याकडे वर्षाचे पैसे आगाऊ भरणे मी टाळेन, कारण हे व्यवसाय आणि त्यांचे एरिया हस्तांतरित होत राहतात. इमारतीतली आठ-दहा घरे मिळून बोलली तर कोणत्याही एकट्या ग्राहकाला मिळणार नाही असा दर मिळतो, आणि तो मोठ्या कंपनीकडूनही मिळू शकतो.

दर सारखे झाले की निवड दुरुस्तीवर ठरते. पावसाळ्यात एखादे झाड पडते किंवा रस्त्याचे खोदकाम सुरू होते, घरातल्या उपकरणावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो, आणि फायबर कुठेतरी तुटल्याचे कळते. चांगला केबलवाला अशा वेळी रात्री नऊ वाजता मुलगा आणि तुटलेली फायबर जोडायचे स्प्लायसिंग मशीन पाठवतो. वाईट केबलवाला फोन उचलत नाही. कंपनीकडे तिकीट क्रमांक मिळतो आणि तंत्रज्ञ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार फिक्स्ड लाइनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भाड्यात भरपाई द्यावी लागते, आणि ती मागण्यासाठी तक्रार क्रमांक जपून ठेवावा लागतो. घरून काम करणाऱ्याने महिन्याच्या पन्नास रुपयांपेक्षा शेजाऱ्यांच्या अनुभवाला जास्त वजन द्यावे, आणि वेगाची चाचणी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, वायफायवर नव्हे तर लॅपटॉपला केबल जोडून घ्यावी. घरात सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरून पाहायचा असेल, तर स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) मिळतो का आणि कितीला, हेही आधीच विचारावे.

तक्रारीच्या बाबतीत दोन्ही सेवांमध्ये कागद असलेल्याची बाजू भक्कम असते. कंपनीच्या तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि दूरसंचार सेवांबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेवटी ब्रॉडबँड बदलायचेच ठरले, तर नवे कनेक्शन सुरू होऊन चार-पाच दिवस नीट चालल्यावरच जुने बंद करावे. बंद करण्याची विनंती ईमेलने किंवा ॲपमधून करावी, फोनवर नाही. राउटर आणि फायबरचे उपकरण न्यायला माणूस आला की त्यावरचे सिरियल नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ते त्याच्या हाती देऊ नये, कारण अनामत परत मागताना ‘उपकरण जमा नाही’ असे उत्तर आले तर दाखवायला तेवढी पावतीच असते.