आधी कॉलेज की आधी कंपनी? ‘तू कोण?’ या प्रश्नापुरती तुलना

बारावी किंवा आयटीआय करून पुण्याकडे येणाऱ्या पोरापुढे साधारण दोन वाटा असतात. कॉट बेसिसवर जागा घेऊन कॉलेज, नाहीतर चाकण-भोसरीत कंपनी आणि जोडीला मुक्त विद्यापीठाची पदवी. पगाराच्या हिशेबाने ही तुलना घरोघरी होते. मी फक्त एवढंच बघतोय की स्वतःची ओळख कुठे कशी घडते. मी कॉलेजच्या वाटेने आलो, मावसभाऊ फिटर होऊन कंपनीच्या. माझं माप थोडं कलतं असेल.

कॉलेजात भलताच कुणीतरी होऊन बघायची मुभा असते. गावात आपण अमक्याचा मुलगा, तमक्या आळीतला. पुण्यात हे कुणाला ठाऊक नसतं. पहिल्या वर्षी मी कवी होतो. दुसऱ्या वर्षी एकांकिकेत घुसलो. १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला ‘आव्वाज कुणाचा’ म्हणत घसा बसेपर्यंत ओरडलो, काम मात्र बॅकस्टेजला लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, उचलायचं. आपण नट नाही हे तिथे कळलं. तालमीचं वेळापत्रक लावणं आणि रुसलेल्यांना परत आणणं जमतं, हेही तिथेच. आज पोट त्याच्यावरच चालतं.

याची किंमतही पडते. महिन्याभरात माझं ‘व्हय’ जाऊन ‘हो’ आलं. आई फोनवर म्हणाली, “लई शहाण्यासारखा बोलायलास.” ते कौतुक नव्हतं.

कंपनीत उत्तर लवकर मिळतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. पण गावात तो पहिल्याच महिन्यात ‘कंपनीत आहे’ होतो, आणि लग्नाच्या बैठकीत त्याला सतरंजीवर पुढे बसवतात. मी एम.ए. होईपर्यंत मागेच होतो.

अडचण अशी की हे उत्तर अंगाला चिकटतं. एकोणिसाव्या वर्षी मावसभाऊ घरातला कमावता झाला. ‘हे काम मला नको’ म्हणायचं तर बहिणीची फी थांबते. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक म्हणजे शोध न घेताच बांधून घेणं. मावसभाऊ त्यात बसतो असं मला फार दिवस वाटायचं. पण मार्सियाने तपासली ती कॉलेजची मुलं. लेथच्या नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालाय हे ओळखायला लागल्यावर भावाला स्वतःबद्दल जे कळलं, त्यालाही शोधच म्हणायला हवं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी त्याने शिफ्ट सांभाळत, दोन वर्षं जास्त लावून घेतली.

घरी राहून तालुक्याच्या कॉलेजला एसटीने अप-डाउन करणं, ही तिसरी वाट या एका बाबतीत मला सगळ्यात कमकुवत वाटते. जुनं माप सुटत नाही आणि हातात पैसाही येत नाही. अर्थात बऱ्याच मुलींना तेवढंच मिळतं, आणि त्यांच्यासाठी एसटीतला तो तासभर हाच हक्काचा वेळ असतो.

तर, घरच्यांनी तुला आधीच ‘तलाठी’ किंवा ‘डॉक्टर’ ठरवून ठेवलं असेल आणि तीन वर्षांचा खर्च झेपत असेल, तर घरापासून लांबचं कॉलेज घे. कशातच मन लागत नसेल तर वर्षभर कंपनी बघ. कॉलेज चालू असेल तरी २०२०च्या शैक्षणिक धोरणात वर्षभरानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची आणि परत यायची सोय ठेवली आहे.

फक्त पहिल्या पगारावर बाईकचा हप्ता लावू नकोस. मावसभावाने लावला होता. नोकरी बदलायचा विषय निघाला की तो आधी उरलेले हप्ते मोजायचा.